नवविवाहितांच्या हक्काचे पंधरा दिवस

लगीनसराईच्या दिवसांत नागपुरातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरी लग्नखर्चाची यादी उघडून पाहिली, तर तिच्यात लॉनचे भाडे, कॅटरर, सजावट, हळदीचा कार्यक्रम, बॅण्ड, फोटो आणि व्हिडिओ, पाहुण्यांच्या गाड्या, आहेर, मानपान हे सारे क्रमाने आलेले दिसते आणि अगदी तळाशी, बहुधा कोणी आठवण करून दिल्यामुळे, हनिमून हा शब्द लिहिलेला असतो. पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री याच ओळीला लागते. पैसे हाताशी असले किंवा कर्ज मिळत असले, तर हीच ओळ फुगत बाली-थायलंडपर्यंत जाते आणि तिचे फोटो लग्नाच्या अल्बमचा उत्तरार्ध होऊन बसतात. माझ्या मते दोन्हीकडे मूळ गरजच नजरेआड होते आहे. लग्न झालेल्या दोन माणसांना सलग काही दिवस फक्त एकमेकांसाठी मोकळे मिळणे हा त्यांच्या संसाराचा पाया आहे. कुटुंबांनी हे ओळखले पाहिजे, पण तेवढ्याने भागणार नाही. कायद्याने नवविवाहित स्त्री-पुरुष दोघांनाही पंधरा दिवसांची भरपगारी रजा द्यावी, असे माझे मत आहे आणि ते मी इथे मांडणार आहे.

ज्या इंग्रजी शब्दाभोवती हा सारा व्यवहार फिरतो, त्याचा जुना अर्थ या मुद्द्याला उपयोगी पडतो. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. जॉन हेवूड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात तो आहे. रिचर्ड ह्यूलोएट यांनी १५५२ च्या शब्दकोशात त्याची जी फोड केली, तिचा आशय असा, की नवे जोडपे सुरुवातीला भांडत नाही, एकमेकांवर अतोनात जीव लावते आणि हा जिव्हाळा पुढे ओसरेल अशी चिन्हे असतात. त्या काळाला सामान्य लोक हे नाव देतात. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात लग्नानंतरचा पहिला महिना एवढाच अर्थ आहे, ज्यात कोमलता आणि सुख यांखेरीज काही नसते. यात कुठेही प्रवास नाही. प्रवास या शब्दाला चिकटला तो एकोणिसाव्या शतकात. त्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधली सुखवस्तू घरांतली जोडपी लग्नाला येऊ न शकलेल्या नातलगांच्या गाठीभेटी घेत फिरत आणि वधूची बहीण किंवा मैत्रीण पुष्कळदा सोबत असे. माहूरच्या रेणुकेच्या दर्शनाला निघालेल्या आपल्याकडच्या गाडीत नवरानवरीशेजारी आत्या, मावशी, दोन भाचे आणि धाकटी नणंद दाटीवाटीने बसलेली असतात, त्याहून तो प्रकार फार निराळा नव्हता. पुढे रेल्वे पसरली, समुद्रकाठची गावे आवाक्यात आली आणि ही फिरती हळूहळू दोघांपुरती झाली. आपल्यापर्यंत हनिमून पोहोचला तो या शेवटच्या रूपात, म्हणजे काळ मागे पडून ठिकाण पुढे आल्यावर.

इंग्रजीत या शब्दाचा लाक्षणिक वापरही भरपूर आहे. नव्या सरकारवर सुरुवातीचे काही महिने कोणी फार टीका करत नाही, त्याला हनिमूनचा काळ म्हणतात, आणि आपली वर्तमानपत्रेही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर ‘सरकारचा मधुचंद्र संपला’ असा मथळा बिनदिक्कत देतात. टाइप वन मधुमेहात इन्सुलिन सुरू केल्यावर काही काळ शरीराची स्वतःची इन्सुलिननिर्मिती थोडी सावरते, त्यालाही डॉक्टर हेच नाव देतात. या सगळ्या वापरांत एक गृहीतक आहे, की ही गोडी थोड्या दिवसांची आहे आणि नंतर खरे जगणे सुरू होणार आहे. आपल्याकडे ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात तेव्हाही तेच सुचवायचे असते. नव्या जोडप्याला घरातली, ऑफिसातली माणसे हे वाक्य हसत हसत ऐकवतात, आणि त्यामागे एक पक्की समजूत असते, की हे दिवस फुकटचे आहेत, त्यांवर वेळ आणि पैसा घालवण्यात अर्थ नाही.

मला ही समजूत घातक वाटते. संसाराच्या बहुतेक सवयी या पहिल्या काही आठवड्यांतच पडतात. पगार कोणाच्या खात्यात जमा होणार आणि खर्चाचा हिशेब कोण कोणाला देणार, सुनेने माहेरी फोन करताना खोलीचे दार लावले तर कोणाला राग येणार, आजारी पडल्यावर कोण कोणाजवळ बसणार, एकाने नाही म्हटल्यावर दुसऱ्याने तिथेच थांबायचे की नाही, हे सारे त्या दिवसांत ठरते. बोलून ठरले तर बरे, नाहीतर न बोलता, धाकाने किंवा संकोचाने ठरते आणि मग वर्षानुवर्षे बदलत नाही. आपल्याकडची बहुतेक लग्ने अजूनही ठरवून होतात. पाहण्याचा कार्यक्रम, चार-सहा भेटी, फोनवरचे बोलणे एवढ्या ओळखीवर दोन माणसे एका खोलीत राहू लागतात. त्यांना बोलायला निवांतपणा मिळाला नाही, तर ती बोलणार कधी?

यावर पहिला आक्षेप येतो तो संस्कृतीचा. हनिमून हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या आजी-आजोबांनी त्याशिवायच सोन्यासारखे संसार केले, असे म्हटले जाते. आजी-आजोबांविषयी पूर्ण आदर ठेवून मला सांगावेसे वाटते, की त्यांच्याही मागच्या पिढ्यांत लग्न दोन प्रौढ माणसांचे नसायचेच. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न लागे, ती माहेरी-सासरी ये-जा करी आणि न्हाण आल्यावर गर्भाधानाचा विधी होई, तोही साऱ्या आळीला कळेल अशा थाटाने. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय १८९१ साली दहावरून बारा करण्याचा कायदा आला, तेव्हा याच गर्भाधानविधीचा दाखला देऊन त्याला महाराष्ट्रात कडाडून विरोध झाला. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले आणि १९७८ साली ते अठरावर आले. मुली शिकू लागल्या, लग्नाचे वय वाढले, आणि तेव्हा कुठे आपल्या समाजात नवरा-बायको ही एकमेकांशी बोलू शकणारी जोडी म्हणून उभी राहिली. मराठी मध्यमवर्गात मधुचंद्राची प्रथा रुजली ती या बदलाच्या मागोमाग. तिचे नाव बाहेरून आले असले, तरी तिला जागा करून दिली ती आपल्याच सुधारकांनी आणि आपल्याच शिकलेल्या लेकींनी.

शिवाय जुन्या परंपरेला नवदांपत्याच्या वेगळ्या काळाची कल्पनाच नव्हती, हेही खरे नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहानंतर वधूवरांनी तीन रात्री, बारा रात्री किंवा वर्षभर ब्रह्मचर्य पाळावे, जमिनीवर निजावे, खारट पदार्थ खाऊ नयेत असे सांगितले आहे. त्यामागची धार्मिक दृष्टी आजची नव्हे आणि ते व्रत आज कोणी पाळावे असेही मी म्हणत नाही. पण लग्न लागल्याबरोबर दोघांना रोजच्या रहाटगाडग्याला जुंपू नये, एकमेकांच्या सहवासाला सरावण्यासाठी नेमाने काही अवधी द्यावा, ही समज त्या शास्त्रकारांना होती. ती आज आपण हरवली आहे.

हरवली म्हणजे काय, ते नागपुरातल्या एखाद्या साध्या घरात शिरल्यावर दिसते. ओळखीच्या एका कुटुंबात मी हे जवळून पाहिले. लग्न मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि मुक्कामाला थांबलेले दहा-बारा पाहुणे. कूलर एकच, तो बाहेरच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला, त्यामुळे आतल्या खोलीत हवा यावी म्हणून नवरानवरीच्या खोलीचे दार रात्रभर उघडे. दाराला नवा कोरा पडदा लावला होता, पण तो कूलरच्या हवेने सारखा उडायचा. आत पलंगाच्या दोन्ही बाजूंना आहेराचे खोके आणि स्टीलच्या भांड्यांचे सेट छताच्या दिशेने रचलेले, पलंगावर रुखवतातल्या वस्तू. नवी सून पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ उरकायची, कारण न्हाणीघर एकच आणि नंतर तिचा नंबर लागणे अवघड. मग चहाचे मोठे पातेले तिच्याच हाताखाली. दुपारी सत्यनारायणाची तयारी, संध्याकाळी बायका तिला पाहायला येणार म्हणून पुन्हा शालू. चौथ्या दिवशी नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला रुजू झाला, आठव्या दिवशी ती आपल्या खासगी कार्यालयात. कोणी दुष्ट नव्हते. सासू प्रेमळ होती, पाहुणे हौशी होते. तरीही त्या आठवड्यात ती दोघे दहा मिनिटे सलग एकमेकांशी बोलली असतील, असे मला वाटत नाही.

यात स्त्रीच्या वाट्याला काय येते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण या प्रश्नाचे खरे वजन तिथे आहे. नवरा लग्नानंतरही आपल्याच घरात, आपल्याच माणसांत असतो. घर, नाव, ताटातली भाजी, उठण्याची वेळ हे सारे एका रात्रीत बदलते ते तिचे. सासरच्या घरात तिच्याकडे पहिल्या दिवसापासून सून म्हणून पाहिले जाते, पोळ्या कशा लाटते आणि डोक्यावरून पदर घेते की नाही याची नोंद होते. या घराबाहेर नवऱ्यासोबत गेलेले आठ दिवस हे पुष्कळ बायकांच्या बाबतीत असे एकमेव दिवस ठरतात, की जेव्हा त्या कोणाच्याही स्वयंपाकघराला बांधलेल्या नसतात आणि जेवायला काय मागवायचे हे त्यांना कोणी विचारते. मधुचंद्राला चैन म्हणणाऱ्यांनी ही बाजू विचारात घेतलेली नसते.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो. सीताबर्डी किंवा धरमपेठेतल्या एखाद्या ट्रॅव्हल एजंटकडे हनिमून पॅकेज मागितले, तर सहा रात्री सात दिवसांचा छापील कागद समोर येतो. त्यात रोज सकाळी नाश्त्यानंतर स्थळदर्शन, एक रात्र कॅण्डल लाइट डिनर, एक केक, पहिल्या दिवशी पलंगावर फुलांची सजावट, आणि येण्याजाण्यात दोन दिवस गेलेले. लग्नाच्या दगदगीने आधीच थकलेली जोडपी पहाटे गाडीत बसून धबधबे आणि व्ह्यू पॉइंट मोजत फिरतात आणि परत येताना पुढच्या कित्येक महिन्यांचे हप्ते सोबत आणतात. फिरायला जाऊ नये असे मी म्हणत नाही. सातपुड्यातली पचमढी, आपल्या विदर्भाचे एकमेव थंड हवेचे ठिकाण असलेले चिखलदरा, रामटेकच्या पायथ्याचे एखादे साधे विश्रामगृह, यांतले काहीही पुरे आहे, आणि ऐपत असेल त्याने खुशाल परदेशी जावे. पण लग्नाला आलेल्या हजार-दीड हजार पाहुण्यांच्या जेवणावळीतला एक गोड पदार्थ आणि एक काउंटर कमी केला, तरी मधल्या फळीतल्या जोडप्याची कर्ज न काढता सोय होते, हे साधे गणित घरातल्या मोठ्यांनी मांडायला हवे. रिसेप्शनच्या स्टेजवर तीन-चार तास उभे राहून अनोळखी लोकांसोबत फोटो काढून घेणाऱ्या त्या दोघांसाठीच हा सोहळा आहे, याची आठवण यजमानांनी ठेवली तर हे जड जाणार नाही.

पैशाची सोय कुटुंब करू शकते. वेळेची सोय त्याच्या हातात नसते आणि म्हणून मी कायद्याकडे येतो. भारतात लग्नासाठी वेगळी वैधानिक रजा नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाकाठी आठ नैमित्तिक रजा असतात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यानेही त्याच्या कक्षेतल्या कामगारांना आठ नैमित्तिक रजा दिल्या आहेत, आणि त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात. साखरपुडा, कपड्यांची खरेदी, हळद आणि लग्न यांतच त्या संपतात. अर्जित रजा साठलेली असेल तर ठीक, पण वयाच्या पंचविशीत, नोकरीला एक-दीड वर्ष झालेल्या मुलामुलीच्या खात्यात ती कितीशी असणार? पुणे, हैदराबाद, बंगळूरला नोकरी करणारी आपली मुले नागपुरात येऊन लग्न करतात आणि चार दिवसांत एकटी परत जातात, बायको मागाहून महिन्या-दोन महिन्यांनी जाते, हे तर आता घरोघरचे झाले आहे.

इतर देशांनी याचा विचार केला आहे. इटलीत नवविवाहित कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळते, स्पेनमध्येही पंधरा दिवसांची तरतूद आहे. चीनमध्ये किमान तीन दिवसांची रजा आहे आणि अनेक प्रांतांनी ती वाढवलेली आहे. उलट ज्या ब्रिटनमधून हनिमून हा शब्द जगभर गेला, तिथे आणि अमेरिकेतही कायद्याने अशी रजा नाही. ती मालकाच्या मर्जीवर आहे. म्हणजे ही मागणी इंग्रजाळलेपणाची आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. तिची मुळे तर फार जुनी आहेत. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत ड्यूटेरॉनॉमी) नावाच्या ग्रंथात स्पष्ट आज्ञा आहे, की नव्याने लग्न झालेल्या पुरुषाला सैन्यात पाठवू नये, त्याच्यावर कसलेही काम लादू नये, त्याने वर्षभर घरी मोकळे राहून पत्नीला आनंद द्यावा. आपल्या रामटेकशी जोडलेल्या कालिदासाच्या यक्षाची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. त्याने कामात हयगय केली म्हणून धन्याने त्याला पत्नीपासून वर्षभर दूर राहण्याचा शाप दिला. धन्याला ठाऊक होते, की याहून जड शिक्षा नाही. आमच्या आस्थापना ती शिक्षा कोणत्याही अपराधावाचून देतात, एवढे तरी त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवे.

उद्योजकांचा आक्षेप खर्चाचा असेल. पण ही रजा माणसाच्या साऱ्या नोकरीत बहुधा एकदाच घेतली जाणार आहे, आणि लग्नाची तारीख महिनोन्महिने आधी ठरत असल्याने बदली माणसाची व्यवस्था करायला पुरेसा अवधी असतो. आजारपणाच्या रजेत ही सोय कधीच नसते. आज लग्नाच्या वेळी रजा नाकारली म्हणून नोकरीच सोडून देणारी मुले आहेत आणि त्यांच्या जागी नवी माणसे शोधून शिकवण्यात मालकांचा खर्च होतोच. रजा दोघांना सारखीच हवी, यावर मात्र मी ठाम आहे. ती फक्त स्त्रियांना दिली, तर लग्नाच्या वयाच्या मुलींना नोकरीवर घ्यायला टाळाटाळ करण्याचे आणखी एक निमित्त मिळेल, आणि घरात तर त्या पंधरा दिवसांत ती एकटीच सासूच्या हाताखाली राबेल.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो इतवारीतल्या दुकानात हमाली करणाऱ्याचा, शेतमजुराचा, घरकामाला जाणाऱ्या मुलीचा. त्यांच्यापर्यंत रजेचा कायदा पोहोचत नाही, आणि एक दिवस काम बुडाले तर एक दिवसाची मजुरी बुडते. गरज मात्र त्यांचीच जास्त आहे, कारण एका खोलीच्या घरात पडद्यालाही जागा नसते. राज्य सरकार सामूहिक विवाहांना अनुदान देतेच. त्या अनुदानाला जोडून, अशा विवाहातल्या जोडप्यांना पंधरा दिवसांच्या किमान वेतनाइतकी रक्कम थेट वधूच्या खात्यात द्यावी, आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या चिखलदऱ्यासारख्या ठिकाणच्या निवासात आठवड्याच्या मधल्या दिवसांत, गर्दी नसताना, तीन रात्री विनामूल्य राहू द्यावे. रिकाम्या खोल्यांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

कायदा करायचाच तर तो बारकाईने व्हावा. रजेसाठी पुरावा म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र एवढेच मागावे. पत्रिका, लॉनची पावती किंवा घरच्यांची संमती मागू नये, म्हणजे घरच्यांच्या विरोधात आंतरजातीय विवाह करणाऱ्यांना, साध्या बौद्ध किंवा सत्यशोधक पद्धतीने लग्न करणाऱ्यांना आणि पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला किंवा घटस्फोटितेला ती सारख्याच हक्काने मिळेल. आपल्याकडे विवाहनोंदणीत अजूनही जी चालढकल होते, तीही यामुळे कमी होईल. ही रजा नोंदणीनंतर सहा महिन्यांत केव्हाही, सलग किंवा दोन टप्प्यांत घेता यावी, कारण मेच्या उन्हात लग्न लागलेल्या जोडप्याला पाहुणे गेल्यावर, पाऊस पडून हवा निवळल्यावरच खरा निवांतपणा मिळतो. आणि ती पंधरा दिवसांची रजा कुठे घालवली, गोव्याला की स्वतःच्याच घरी दार लावून, हे विचारण्याचा अधिकार मालकाला असू नये.